क्रमांक राहिला, नाव गेलं

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन, आणि पोटासाठी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कारकुनी. अशा माणसानं संगणकाच्या सर्व्हरवर बोलावं, हे सोनारानं नांगरावर बोलण्यासारखं आहे. पण नांगर पायावर पडला असेल तर सोनारालाही त्याविषयी दोन शब्द सांगता येतात. म्हणून बोलतो.

गोष्ट २००७ सालच्या मे महिन्यातली. वर्ध्याचा मे महिना काय असतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षांत भारनियमनही पाचवीला पुजलेलं. आमच्या कार्यालयाच्या कोपऱ्यात एक पेटी होती. तिला आम्ही सर्व्हर म्हणायचो. आठ टेबलांवरचे आठ संगणक तिला वायरींनी जोडलेले. विद्यार्थ्यांचे दाखले, फीच्या पावत्या, पगारपत्रकं, निवृत्त होणाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब, सगळं त्या पेटीत. त्यातच एक कप्पा माझा होता. त्याचं नाव ‘अम्मी’.

माझी आई २००३ साली गेली. घरात आमची बोली म्हणजे उर्दू आणि वऱ्हाडीची सरमिसळ. पण जात्यावर बसली की अम्मीच्या तोंडी ओव्या यायच्या त्या मराठीच. गिरडच्या टेकडीवरच्या बाबा फरीदांना आणि पंढरीच्या विठोबाला ती एकाच ओवीत भाऊ-भाऊ करून टाकायची. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या. मग कार्यालय सुटल्यावर रोज थोड्या थोड्या संगणकावर चढवल्या. बेचाळीस फायली झाल्या. पुढं एका पावसाळ्यात घर गळालं आणि ती वही भिजून तिचा लगदा झाला. तेव्हा मी काय म्हणालो असेन? ‘जाऊ दे, संगणकात आहे ना!’

त्या दिवशी दुपारी तीनदा वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. नव्या मागवण्याचा कागद लिहायचं काम माझंच होतं आणि तो अर्धवट कागद माझ्याच खणात होता. तिसऱ्यांदा वीज आली, पण सर्व्हर काही उठेना. पडद्यावर इंग्रजी ओळी धावू लागल्या. फाइल सिस्टिममध्ये चुका आहेत, दुरुस्त करू का? मी ‘हो’ म्हटलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा ‘हो’. असं वीस-पंचवीस वेळा झाल्यावर कंटाळून मी ती कळ दाबूनच धरली. श्रोतेहो, अनोळखी कागदावर न वाचता सह्या करत सुटावं, तसा तो प्रकार होता.

शेवटी घाबरून नागपूरच्या एका तरुण अभियंत्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘सर, आता कशालाही हात लावू नका. मशीन बंद करा. मी उद्या येतो.’

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बिघडलं म्हणजे नेमकं काय, असं मी त्याला विचारलं. त्यानं जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

डिस्क म्हणजे शिवार समजा. शिवारात जमिनीचे तुकडे असतात आणि कुठला तुकडा कुणाचा हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. तलाठ्याच्या पदाचं सरकारी नाव आता बदललं आहे, पण दप्तर तेच. डिस्कवरही आपला मजकूर तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला असतो. कुठला तुकडा कुठल्या फायलीचा हे सांगणारं दप्तर म्हणजे फाइल सिस्टिम. त्यात प्रत्येक फायलीला गट नंबरासारखा एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे तिचे तुकडे नोंदलेले असतात. फायलीचं नाव मात्र तिथं नसतं, ते वेगळ्या यादीत असतं. दप्तर बिघडलं म्हणजे शेत वाहून गेलं असं नव्हे. पीक जागेवर उभं असतं. ते कुणाचं, एवढंच सांगता येत नाही. कधी कधी तर एकाच तुकड्यावर दोघांची नावं लागतात.

वीज गेल्यावर हे होऊ नये म्हणून सोयही असते. आमच्या सर्व्हरवर लिनक्स होतं आणि त्यात २००१ साली आलेली ईएक्सटी-३ ही पद्धत. ती दुकानदाराच्या कीर्द-खतावणीसारखी चालते. दप्तरात बदल करायचा तर तो आधी कीर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर उठल्यावर कीर्द वाचून राहिलेलं काम पुरं करायचं. मग आमचं का बिघडलं? तर डिस्कला स्वतःची तात्पुरती स्मृती असते. वेग राखण्यासाठी ती ‘लिहिलं’ असं सांगून मोकळी होते, आणि मजकूर अजून त्या स्मृतीतच असतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली की कीर्दच खोटी ठरते. आमच्याकडे तर एका दुपारी तीनदा गेली.

त्या पोरानं दुरुस्ती सुरूच केली नाही. बॅगेतून एक कोरी डिस्क काढली आणि बिघडलेल्या डिस्कची, जशी होती तशी, अथपासून इतिपर्यंत नक्कल घ्यायला लावली. ते काम रात्रभर चाललं. पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर. मूळ डिस्क त्यानं कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. ‘काल तुम्ही मुळावरच हो-हो म्हणत गेलात. दुरुस्ती करणारा प्रोग्राम दप्तर जुळवून देतो, सर. तुमचा मजकूर वाचवायचा त्यानं शब्द दिलेला नसतो,’ असं तो म्हणाला. जुळवताना ज्या नोंदी बसत नाहीत, त्या तो खुशाल खोडतो. माझ्या काही ‘हो’नी काय काय खोडलं असेल, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दप्तराचं पहिलं पानच, म्हणजे ज्यावर सगळ्या शिवाराचा गोषवारा असतो ते, खराब झालं होतं. पण ही व्यवस्था ज्यांनी घडवली ती माणसं शहाणी होती. त्या पानाच्या नकला डिस्कवर ठरावीक अंतरावर आधीच ठेवलेल्या असतात. त्यातली एक शाबूत निघाली. तिच्या आधारे तपासणी पुन्हा झाली आणि संध्याकाळी एक कप्पा फुगून समोर आला. त्याचं नाव इंग्रजीत ‘लॉस्ट-फाउंड’, म्हणजे हरवलं-सापडलं. आत हजारो फायली. एकीलाही नाव नाही, नुसते क्रमांक. गट नंबर होते, मालकांची नावं गेलेली.

एव्हाना तुम्ही विचाराल, जपून ठेवलेली दुसरी प्रत नव्हती का? होती ना! पेटीत दोन डिस्का होत्या. एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर उमटायचं. त्या जोडीला आरसा म्हणतात. त्या आरशाच्या भरवशावर मी वर्षानुवर्षं निर्धास्त झोपलो. पण आरसा कशाला म्हणतात? तोंडाला काजळ लागलं तर तेही इमानानं दाखवतो, त्याला आरसा म्हणतात. पहिलीवर चुकलेलं दप्तर दुसरीवरही तितकंच चुकलेलं होतं. महिन्याकाठी एक डीव्हीडी भरून ठेवायचा नियमही होता. शेवटची डीव्हीडी नोव्हेंबरची निघाली आणि ती उघडलीच नाही. भरल्यानंतर ती एकदाही लावून पाहिलेली नव्हती. हा नियम पाळण्याचं कामही माझंच होतं.

मग सुटीभर एकच उद्योग. क्रमांकाची फाइल उघडायची, वाचायची, ओळखायची, नाव द्यायचं. त्यात आमचं मराठी त्या काळच्या फॉन्टांमधलं. फॉन्ट बरोबर लागला नाही तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. त्यामुळे शब्द टाकून शोधायचीही सोय नाही. एकेक फाइल डोळ्यांनीच बघायची. फीच्या पावत्या, हजेरीपट, कुठलं तरी निमंत्रण, आणि एका रात्री अचानक अम्मी! चिवड्यावर योग्य फॉन्ट लावला आणि गिरडची ओवी समोर उभी राहिली. मी खुर्चीतून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पुढच्या महिन्यात आमचे एक शिपाईकाका निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या निधीच्या हिशेबाची फाइल काही मिळेना. मी मान खाली घालून त्यांना सांगितलं. ते घरी गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. नोकरीला लागल्यापासूनच्या वार्षिक चिठ्ठ्या, सुतळीनं बांधलेल्या. ‘तुमच्या मशीनवर माहा भरोसा नव्हता, बाबूजी,’ म्हणाले. सर्व्हरपासून दूर, वेगळ्या छपराखाली, वेगळ्या पदार्थावर ठेवलेली आणि मालकानं वेळोवेळी उघडून पाहिलेली प्रत. पुढे या विषयावर मी जे जे वाचलं, त्यात याहून शहाणं काही आढळलं नाही.

अशी फजिती आमच्यासारख्या कारकुनांचीच होते असंही नाही. लिनक्सवर काम करणाऱ्यांना केडीई हा प्रकल्प माहीत असेल. जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेला त्याचा सारा प्रोग्राम एका मुख्य सर्व्हरवर असे आणि त्याच्या नकला इतर ठिकाणच्या सर्व्हरांवर. मार्च २०१३ मध्ये देखभालीसाठी तो मुख्य सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तर फाइल सिस्टिम बिघडलेली. सुमारे दीड हजार संग्रह धोक्यात आले. आणि नकला? त्यांनी मुख्य सर्व्हरवरची बिघडलेली यादीच खरी मानली आणि आपल्याकडची चांगली प्रत पुसून टाकली! एका नव्यानं तयार होत असलेल्या सर्व्हरवर नशिबानं एक धड प्रत उरली होती, तिच्यावरून सगळं परत उभं राहिलं. हे वाचलं तेव्हा मला माझा आरसा आठवला.

दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद पडले. तो बिघाड नव्हता, हल्ला होता. देशातल्या त्या मोठ्या रुग्णालयात किती तरी दिवस नोंदी पुन्हा हातानं कागदावर होत होत्या. तिथंही रुग्णांची माहिती परत आली ती हल्ल्यातून सुटलेल्या एका राखीव सर्व्हरवरून. आमच्या गावापासून दिल्लीपर्यंत तारलं ते ज्या प्रतीला चुकीची झळ लागली नाही, तिनं.

बेचाळीस फायलींपैकी एकतीस मिळाल्या. अकरा गेल्या. त्या ओव्यांसाठी मी अम्मीच्या धाकट्या बहिणीकडे, माझ्या खालाकडे गेलो. तिनं दोन दिवस आठवून आठवून सांगितल्या. पण तिच्या ओव्या अम्मीच्या नव्हत्या. चाल तीच, शब्द वेगळे. कुठं विठोबा आधी, कुठं बाबा आधी. पहिल्यांदा मी खट्टू झालो. मग आपल्याच शेजारचं, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तिथं चक्रधरस्वामींच्या लीळा लिहिल्या. पुढे मूळ पोथी धाडीत हरवली आणि महानुभावांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणून लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आहेत. पाठ वेगळे झाले, पण लीळा राहिल्या. मी खालाच्या ओव्या खालाच्याच म्हणून लिहून ठेवल्या, अम्मीच्या म्हणून नाही. दुरुस्तीच्या नावाखाली आणखी एक खोटी नोंद मला करायची नव्हती.

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण मुखोद्गत म्हणतो, तेव्हा मागे रांगेत दुसरा हाफिज ऐकत उभा असतो. एखादा शब्द निसटला की तो तिथंच दुरुस्त करतो. लहानपणापासून हे मी पाहत आलो, पण त्याचा अर्थ मला सर्व्हरनं शिकवला. दुसरी प्रत असून भागत नाही. पहिलीची चूक दुसरीला ऐकू यायला हवी.

आता माझ्याकडे अम्मीच्या ओव्या युनिकोडमध्ये आहेत. एक प्रत कार्यालयात, एक घरी, एक पुण्याला मुलीकडे, आणि एक छापून कागदावर. जुन्या प्रतीवर नवी चढवत नाही, तारीख घालून वेगळी ठेवतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातली कुठलीही एक फाइल उघडतो आणि मोठ्यानं वाचतो. बायको म्हणते, तपासणी आहे की आठवण? मी म्हणतो, दोन्ही.

तुमच्याही घरी संगणकात, फोनमध्ये कुणाचा तरी आवाज असेल, फोटो असतील. ‘आहे ना’ म्हणून त्यावर विसंबू नका. पुढच्या सुटीच्या दिवशी त्यातलं एखादं उघडून बघा. आणि कधी काही बिघडलंच, तर पडद्यावरच्या पहिल्या प्रश्नाला घाईनं ‘हो’ म्हणू नका. आधी हात मागे घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)