‘बाकीचे कोण?’



आर्थर मिलरचे ‘द क्रूसिबल’ हे नाटक आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. १६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. न्यायाची तऱ्हा अशी, की कबूल करील तो वाचे, नाकारील तो लटके. मात्र कबुली देणाऱ्याने इतरांचीही नावे सांगावीत, असा आग्रह असे.

मिलरने हे नाटक १९५३ मध्ये रंगभूमीवर आणले, तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालली होती. १९५६ साली संसदीय समितीने खुद्द त्यालाच नावे विचारली. त्याने ती दिली नाहीत. १९५७ मध्ये दोषी ठरला, १९५८ मध्ये अपिलात सुटला.

संप फसल्यावर चौकशीच्या खोलीत हाच प्रश्न आम्ही ऐकला आहे: ‘बाकीचे कोण?’ उत्तर देणाऱ्याला आम्ही सरसकट फितूर म्हणत असू. पण नाटकातला प्रॉक्टरसुद्धा, दुसऱ्यांची नावे न घेता का होईना, जिवासाठी खोट्या कबुलीवर आधी सही करतोच. मग ती फाडतो आणि फासावर जातो. भिणे आणि ताठ उभे राहणे एकाच माणसात असते. म्हणून न वाकणाऱ्याला आमचा प्रणाम. वाकलेल्याला युनियनचे दार उघडे. पहिला जाब मात्र तो प्रश्न विचारणाऱ्याला.