हरेगावची मतमाउली

मंडळी, बहिरमची जत्रा तुम्ही पाहिली आहे. शेगावलाही जाऊन आलात. आज मी एका निराळ्या जत्रेची गोष्ट सांगतो. चर्च म्हणजे साहेबाचं देऊळ, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. ती माझी चूक होती.

श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा नगर. इंग्रजांच्या राज्यात तिथं बेलापूर कंपनीनं साखर कारखाना काढला. कारखान्यामुळं कष्टकरी लोकांची वस्ती वाढली. त्यांत ख्रिस्ती लोकही होते.

हरेगावात संत तेरेजाचं चर्च आहे. १९४९ साली तिथं मरियामातेची जत्रा सुरू झाली. मरियामाता म्हणजे येशूची आई. लोक तिला मतमाउली म्हणतात. ८ सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस. त्या सुमारास जत्रा भरते. आधी नऊ दिवस प्रार्थना चालते. कुणी पायी येतो, कुणी मेणबत्ती लावतो, कुणी नवस फेडतो. दुसऱ्या धर्मांचे लोकही येतात. तिथं कुणी कुणाची जात विचारत नाही.

पुढं कारखाना बंद पडला. साहेबाची कंपनी गेली. जत्रा मात्र वाढतच गेली. कारण ती गरिबांनी जपली होती.

आपण वऱ्हाडात आईला माय म्हणतो. वारकरी ज्ञानोबाला माउली म्हणतात. हरेगावचे ख्रिस्ती मरियेला माउली म्हणतात. शब्द आपलाच आहे. मग तो म्हणणारा परका कसा? घरी गेल्यावर याचा विचार करा.