जुनी मोटारसायकल घेतांना



लांबच्या प्रवासाची मोटारसायकल नवी घ्यावयाची म्हटलें तर दोन-तीन लाखांची तजवीज करावी लागते. म्हणून नोकरदार तरुणाची दृष्टि साहजिकच वापरलेल्या गाडीकडे वळते. आमची मैंदर्गी महाराष्ट्राच्या सरहद्दीजवळची. येथें अशा गाड्या सोलापुराहून येतात, तशा पलीकडच्या कर्नाटकांतूनहि येतात, आणि माझे जुने विद्यार्थी पैसे मोजण्यापूर्वीं त्या मला दाखवून जातात. यंत्रविद्या मीं कधीं शिकविली नाहीं. पण वही पाहून मुलानें अभ्यास केव्हां केला हें ओळखण्याची संवय येथेंहि उपयोगी पडते.

गाडी किती धांवली हें सर्वजण विचारतात. कशी धांवली हें फारसें कोणी पाहात नाहीं. मीटरचा आंकडा बदलतां येतो. आंकडा बारा हजारांचा आणि ब्रेकच्या पायपट्टीचें रबर मात्र झिजून गुळगुळीत, असें दिसल्यास साक्ष रबराची मानावी. उलट, हमरस्त्यावर संथपणें चाळीस हजार किलोमीटर चाललेलें आणि वेळच्या वेळीं तेल बदललेलें इंजिन पुष्कळदां गल्लींत कुंथत चाललेल्या पंधरा हजारांच्या इंजिनापेक्षां निरोगी असतें.

प्रवासी गाडीचें खरें दुखणें ओझ्यांत असतें. मागें सोबती, दोन्ही बाजूंस पेट्या, वर तंबू, अशा थाटानें गाडी लडाखला जाऊन आली असली म्हणजे विकणारा ती यात्रा मोठ्या अभिमानानें वर्णन करतो. ती ऐकून घ्यावी, आणि खालीं वांकून सामानाची जाळी सांगाड्यास जेथें जोडली आहे तेथील वेल्डिंग पाहावें. तेथें बारीक चीर किंवा तेवढ्यापुरताच नवा रंग दिसला तर पुढें बोलणेंच नको. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचें चाक अधांतरी करावें व हँडल हळूहळू फिरवावें. मध्यावर अडखळलें तर बेअरिंगांना खांचा पडल्या आहेत. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओशटपणा नसावा. मागचें चाक धरून आडवें हलवावें. तें खिळखिळें नसावें. चाकें तारांचीं असल्यास एकेक तार पेन्सिलीनें वाजवावी. सैल तार बद्द बोलते. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वयानें रबर कडक होतें.

इंजिन थंडच हवें, हें आगाऊ कळवावें. आपण पोहोंचतांना तें ऊन लागलें तर कारण विचारावें. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. बुलेटची जुळणी १९५५च्या सुमारास मद्रासेस सुरू झाली. तिच्या जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची टपटप ऐकून घाबरूं नये, तिचा तो स्वभावच आहे. चढावर किंवा ओझ्याखालीं आंतून जड ठोके येऊं लागले तर मात्र मेकॅनिकला विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. मागें कोणाला तरी बसवून वीस-पंचवीस किलोमीटर फिरून यावें, थांबावें, आणि पांच मिनिटांनीं तापलेलें इंजिन पुन्हां सुरू करावें.

कागदांच्या बाबतींत मी कठोर आहें. इंजिनावरचा व चेसिसवरचा नंबर आरसी बुकाशीं अक्षरशः ताडून पाहावा. बुकांत बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर ती काढून टाकल्याशिवाय व्यवहार नको. केए नंबरची गाडी स्वस्त वाटते. पण तिला मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला लागतो, बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाची तर येथील नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो खर्च किंमतींत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावें.

मुद्रांकावर लिहून घेतलें आणि किल्ली हातीं आली, म्हणजे गाडी आपली झाली असें आमच्याकडे अजून मानतात. नमुना २९ व ३० भरून आरटीओंत नांव बदललें पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निर्णय दिला कीं, गाडी पुढें विकली असली तरी अपघाताच्या भरपाईपुरता मालक तोच, ज्याचें नांव नोंदींत आहे. ही गोष्ट विकणाऱ्याच्या कानावर घातली कीं आरटीओंत येण्यास तोहि तत्पर होतो. विमा आपल्या नांवें करण्यासाठीं १४ दिवसांत अर्ज करावा, आणि किमतीचा थोडा भाग, विकणारा कबूल असेल तर, नोंद बदलेपर्यंत आपल्याकडेच ठेवावा.