धनुष्य मुलीच्या मापाचे हवे



शिलाई मशीन, शेळी, पिठाची गिरणी यांसाठी कर्ज मागणे आपल्या बचत गटांत नेहमीचेच. आता एखादी ताई लेकीच्या धनुष्यासाठीही कर्ज मागते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. मग आपल्या पोरींनाही धनुष्य हाती घ्यावेसे वाटले, तर त्यात नवल काय?

पण बैठकीत पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला पडेल?" आम्ही म्हणतो, त्याआधी विचारा, "कोणाच्या मापाचे?" धनुष्य जड निघाले तर मुलीचा खांदा दुखतो, नेम चुकतो, महिनाभरात ते माळ्यावर जाते. हप्ते मात्र सुरूच राहतात. वर घरचे म्हणतात, "पोरीला जमलं नाही." खरे तर धनुष्यच तिच्या मापाचे नसते.

आज बोलू या कारागिराकडून हाताने बनवून घ्यायच्या रिकर्व्ह धनुष्याबद्दल. ज्याची दोन्ही टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात, ते रिकर्व्ह. अदितीचे धनुष्य चाकांचे, म्हणजे कंपाउंड. प्रवीणचे रिकर्व्ह. शिवाय आपल्याकडे इंडियन राउंड नावाचा वेगळा गट आहे, त्यात बांबू-लाकडाचे देशी धनुष्य चालते. म्हणून मुलीला स्पर्धेत उतरायचे असेल, तर कोणत्या गटात आणि तिथे कोणते धनुष्य चालते, हे प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता मापे. पहिले माप खेचण्याचे. मुलीला भिंतीला पाठ लावून उभी करा. दोन्ही हात आडवे पसरू द्या. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजा आणि त्याला अडीचने भागा. ६० इंच भरले तर ती साधारण २४ इंच दोरी खेचेल. हा अंदाज झाला. नक्की माप प्रशिक्षक हलक्या धनुष्यावर घेतील.

दुसरे माप ताणाचे. ते पौंडात सांगतात. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. धनुष्यावर लिहिलेले पौंड बहुधा २८ इंच खेचल्यावरचे असतात. आपली मुलगी २४ इंचच खेचत असेल, तर तिला ताण कमी लागेल. म्हणून कारागिराला विचारा, "आमच्या मुलीच्या मापाला किती पौंड?" नवशिक्या मुलीला हलकेच धनुष्य द्या. दोरी पूर्ण खेचून ती दहा आकडे मोजेपर्यंत स्थिर उभी राहिली पाहिजे. हात थरथरला, कंबर मागे वाकली, तर ते धनुष्य जड आहे. पुढे वाढवता येईल, घाई नको.

तिसरी गोष्ट डोळ्याची. दोन्ही तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवून लांबचा खांब बघायला सांगा. मग एकेक डोळा मिटू द्या. ज्या उघड्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो, तो तिचा नेमाचा डोळा. उजवा असेल तर बहुधा उजव्या हाताने दोरी खेचायची आणि डाव्या हातात धनुष्य धरायचे. बाण टेकवायची जागा त्यानुसार कोरतात, म्हणून हे आधीच सांगावे लागते.

वाढत्या मुलीसाठी एकसंध धनुष्य लगेच बनवून घेऊ नका. वर्षभरात तिचे हात लांब होतात. मैदानावरच्या धनुष्यावर आधी शिकू द्या. घ्यायचेच असेल तर तीन भागांचे घ्या. मधली मूठ तीच राहते आणि वरची-खालची पाती तेवढी बदलता येतात. गटातल्या दोन-तीन मुली मिळूनही ते वापरू शकतात, फक्त प्रत्येकीच्या ताकदीची पाती हवीत.

धनुष्य हाती आले की दोरी चढवून टोकाकडून बघा. दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मध्यावरून गेली पाहिजे. एकीकडे झुकली तर पाती पिळलेली आहेत. थर सुटलेत का, चीर आहे का, खेचताना करकर होते का, तेही तपासा. पावतीवर लांबी, पौंड आणि दुरुस्तीची बोली लिहून घ्या. बाण, हाताचे आणि बोटांचे संरक्षक यांचा खर्च कर्जात आधीच धरा. बाण मुलीच्या खेचण्याच्या मापापेक्षा लांब हवेत. आखूड बाण खेचताना आत घसरतो आणि हाताला इजा होते.

आणि घरातल्या धाकट्या भावंडांनाही सांगा. बाण लावल्याशिवाय दोरी खेचून सोडायची नाही. त्याने धनुष्य मोडते, कुणाला लागूही शकते. सराव प्रशिक्षकांसमोर आणि मोकळ्या मैदानातच. झाल्यावर दोरी उतरवा. धनुष्य उन्हात, पत्र्याखालच्या उकाड्यात किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

पुढच्या बैठकीत असा अर्ज आला, तर "मुलीला कशाला हवं धनुष्य?" असे म्हणून तो बाजूला सारू नका. मुलीला बैठकीत बोलवा. टेप आणा, तिचे हात मोजा, कोणत्या मैदानावर आणि कोणाकडे शिकते ते तिलाच विचारा. मग रकमेचे ठरवा. गटाचा पैसाही जपला जाईल आणि पोरीचा खांदाही.