निवृत्त जहाजे आणि आपल्या गावांतील नौसैनिक

(भोर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि माजी सैनिक यांच्यासमोर एका सेवानिवृत्त नौसैनिकाने केलेले भाषण)



भोर-वेल्ह्याच्या माणसाने समुद्राविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आपला मुलूख डोंगरांचा. तोरणा, राजगड आणि रोहिडा यांच्या सावलीत आपण वाढलो. मोठे पाणी म्हणून पाहिले ते भाटघर, पानशेत आणि वरसगाव या धरणांचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला 'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू नौका मुंबईस आली. पहिल्या घटनेची चर्चा आमच्या ओटीवर वर्षभर चालली. दुसरीची वार्ताही आमच्यापर्यंत पोहोचली नाही. पुढे दहा वर्षांनी त्याच नौकेच्या बॉयलरखोलीत मी पाळीवर उभा असेन, हे कोणी सांगितले असते तर आईने त्याला वेड्यात काढले असते.

आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याला 'आय.एन.एस. शिवाजी' ही नौदलाची यंत्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकून मी स्टोकर म्हणून विक्रांतवर रुजू झालो. ही नौका मूळची ब्रिटिशांची 'हर्क्युलिस'. १९४५ साली तिचे जलावतरण झाले, पण महायुद्ध संपल्याने बांधकाम अर्धवट राहिले. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती आपल्या नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे २१३ मीटर आणि वर हजारावर माणसे, म्हणजे आपल्या भागातील एखादे चांगले नांदते गावच.

विक्रांत म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उड्डाण घेणारी 'सी हॉक' विमाने येतात. आम्ही स्टोकर लोकांनी ती फारशी पाहिली नाहीत. आमचे काम तळाशी. काचेच्या नळीत दिसणारी बॉयलरमधील पाण्याची पातळी हाच आमचा समुद्र. पातळी फार उतरली तर बॉयलर जळण्याचे भय, फार चढली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाऊन यंत्र मोडण्याचे भय. चार तासांच्या पाळीत त्या नळीवरून नजर काढायची नाही, हुकूम येईल तसे तेलाचे फवारे वाढवायचे वा कमी करायचे. घामाने सदरा भिजे, अंगावरच वाळे आणि त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटे.

१९७१ च्या युद्धाआधी चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. तो बंद ठेवावा लागला आणि नौकेचा वेग घटला. विमानवाहू नौकेला वेग लागतो तो केवळ पोहोचण्यासाठी नव्हे. नौका वेगाने वाऱ्याच्या तोंडावर गेली, म्हणजे विमानाला उचलणारा वारा मिळतो. शिवाय विमान पुढे फेकणाऱ्या यंत्रालाही वाफ आमच्याच बॉयलरांची. अशा स्थितीत कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली विक्रांत बंगालच्या उपसागरात लढली. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बझार, चितगाव येथे हल्ले चढविले. वर विमान सुटले की खाली वाफेचा दाब खाली येई, आणि त्या काट्यावरून आम्ही समजत असू की आपले एक विमान गेले. आमचे युद्ध ते एवढेच.

३१ जानेवारी १९९७ रोजी मुंबईत विक्रांत सेवानिवृत्त झाली. नौकेच्या निवृत्तीची प्रथा साधी असते. सूर्यास्ताला ध्वज उतरतो आणि तो पुन्हा त्या नौकेवर चढत नाही. त्या निमित्ताने आम्ही तिघे जुने सोबती भेटलो. बंद बॉयलरच्या दिवसांविषयी बोलू लागलो, तर तिघांच्या तीन हकिकती! एक म्हणाला, त्या दिवसांत वारा पडलेला होता. दुसरा म्हणाला, चांगला वारा होता. पाळी कोणाची होती, यावर तर वादच झाला. मी ज्या रात्रीची गोष्ट मुलांना इतकी वर्षे रंगवून सांगत होतो, त्या रात्री पाळीवर मी नव्हतोच, हे माझ्याच जुन्या वहीवरून मला कळले. आठवण खोटी नसते, पण ती एकटी पुरत नाही.

पुढे विक्रांत काही वर्षे मुंबईत तरते संग्रहालय म्हणून राहिली. नौकेची अवस्था बिकट झाल्याने २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ च्या अखेरीस ती मोडण्यास सुरुवात झाली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला, काहीचे मुंबईत स्मारक झाले. दुसरी विमानवाहू नौका 'विराट' २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती. परंतु ते झाले नाही आणि २०२० मध्ये ती मोडण्यासाठी अलंगला गेली. आता २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे आली असून निवतीच्या समुद्रात तिचे पाण्याखालील संग्रहालय करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. तो यशस्वी होवो. पण जहाज राखणे किती खर्चाचे आणि किती कठीण, हे यावरून दिसते.

तटरक्षक दलाचेही तेच आहे. १९७८ साली या दलाची रीतसर स्थापना झाली. त्याच्या एका गस्ती जहाजाचे नाव होते 'ताराबाई'. आपल्या भोर संस्थानाचे मूळपुरुष शंकराजी नारायण ज्यांच्या कारभारात सचिव होते, त्याच महाराणी ताराबाईंचे हे नाव. नोव्हेंबर १९९९ मध्ये चाच्यांनी पळविलेले 'अलोंड्रा रेनबो' हे मालवाहू जहाज नाव बदलून अरबी समुद्रातून चालले होते. ताराबाईने त्याचा पाठलाग केला, नौदलाची 'प्रहार' मदतीला आली आणि जहाज पकडून मुंबईस आणले गेले. त्या पाठलागात यंत्रापाशी कोण होते, सुकाणूवर कोण होते? अशी जहाजे पंचवीस-तीस वर्षांत निवृत्त होतात. त्यांवरची माणसे आपापल्या गावी परततात आणि शेताच्या बांधावर बसतात. त्यांना कोणी विचारीत नाही.

भोर तालुक्यातील माझा एक सोबती गेल्या पावसाळ्यात वारला. उमेदीची वर्षे त्याने बॉयलरखोलीत काढली होती. दहाव्याला गेलो तेव्हा त्याच्या कागदांची चौकशी केली. घर नीट करताना पत्र्याच्या पेटीतील जुने कागद रद्दीत गेले होते. घरच्यांचा दोष नाही. त्या कागदांना मोल आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. नौका भंगारात गेली ती निदान वर्तमानपत्रांत छापून आली. माझा सोबती मात्र किलोच्या भावाने गेला.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. यास निधी नको, इमारत नको. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील माजी सैनिक, नौसैनिक आणि तटरक्षक यांची यादी करावी. या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना त्यांच्या घरी पाठवावे. पराक्रम सांगा, असे मुलांनी म्हणू नये. त्याने म्हातारा एकतर गप्प होतो, नाहीतर फुगवून सांगतो. तुम्ही कोणत्या जहाजावर होता, पहाटेच्या पाळीला काय करीत होता, काय खात होता, घरचे पत्र किती दिवसांनी मिळे, असे विचारावे. दोघे एकाच नौकेवर असतील तर दोघांचे वेगवेगळे लिहावे, जुळवाजुळव करू नये. तारखा सेवापुस्तकावरून पडताळाव्यात. छायाचित्राच्या मागे नावे आणि साल लिहून घ्यावे. मूळ कागद घरीच राहावेत. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक वाचनालयात ठेवावी.

१९७१ साली विशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. पुढच्या वर्षी करू म्हणण्याइतका अवकाश आपल्याला नाही. माझी वही मी आज सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ज्या शिक्षकांना पाहावयाची असेल त्यांनी ती अवश्य पाहावी, आणि उद्यापासून आपल्या गावातील पहिल्या घराची कडी वाजवावी.

जय हिंद!