शब्द घटनेत आला, समता व्यवहारात यावी



२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीने स्वीकारलेल्या सरनाम्यात ‘सेक्युलर’ हा शब्द नव्हता. प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी तो पहिल्या अनुच्छेदात घालण्याची सूचना मांडली होती. ती फेटाळली गेली. तरीही तत्त्व घटनेत होतेच. राज्य पंथावरून नागरिकांत भेद करणार नाही, हे १५व्या अनुच्छेदाने सांगितले. उपासनेचे स्वातंत्र्य २५ ते २८ या अनुच्छेदांनी दिले. अनेक उपासनापंथ सुखाने नांदलेल्या या भूमीला ते परके नव्हते.

शब्द आला तो आणीबाणीत, विरोधी पक्षांचे नेते कारागृहात असताना, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने. हिंदी पाठात तो ‘पंथनिरपेक्ष’ झाला, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. धर्म म्हणजे कर्तव्य आणि नीती. त्यांच्याविषयी निरपेक्ष राहून राज्य कसे चालावे? म्हणून ‘पंथनिरपेक्ष’ हाच अचूक शब्द. या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. प्रश्न उरला तो आचरणाचा.

इंदूरच्या शहाबानो यांना उच्च न्यायालयाने दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ती कायम केली. पुढच्याच वर्षी, तोच शब्द सरनाम्यात मिरवणाऱ्या संसदेने त्या निकालाला बगल देणारा कायदा केला. एका वृद्धेचा हक्क मतांच्या तराजूत तोलला गेला. याला पंथनिरपेक्षता म्हणत नाहीत, अनुनय म्हणतात.

समान नागरी कायद्याचा निर्देश ४४व्या अनुच्छेदात प्रथमपासून आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा, काही अपवाद वगळता, सर्वांना लागू आहे. तेथे कोणाचीही उपासना बुडाली नाही. उत्तराखंडाने २०२५ मध्ये हे पाऊल उचलले.

परंतु समतेची मागणी करणाऱ्याने ती आधी स्वतःच्या उंबरठ्याआत आणावी लागते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारी घरे आजही आहेत. शहाबानोसाठी न्याय मागणाऱ्या समाजाने आपल्या लेकीचा वाटा मोजून द्यावा; तेव्हाच त्याच्या शब्दाला वजन येईल.