शेजारचे कपाट

"काही नवे आले आहे का?" ग्रंथालयातील देवघेवीच्या मेजापाशी दिवसातून जितक्या वेळा हा प्रश्न विचारला जातो, तितक्या वेळा दुसरा कोणताही विचारला जात नसेल. विचारणारा गृहस्थ बहुधा संध्याकाळी कचेरीतून परतताना डोकावलेला असतो. मेजामागचा मनुष्य त्यास ओळखतो, त्याची आवडही ओळखतो, आणि म्हणून फारशी चौकशी न करता कादंबऱ्यांच्या ढिगातून एक कादंबरी काढून पुढे करतो. ती वाचलेली असते. दुसरी पुढे होते. तीही वाचलेली, निदान वाचल्यासारखी वाटणारी. शेवटी गृहस्थ रिकाम्या हातांनी जिना उतरतो, आणि अलीकडे मराठीत वाचण्यासारखे काही उरलेले नाही असा अभिप्राय घरी जाऊन देतो. तो उभा होता तेथून चार हातांवर, शेजारच्या कपाटात, त्यास रात्री दोनपर्यंत जागे ठेवतील अशी दहापंधरा पुस्तके त्याच वेळी धूळ खात पडलेली असतात. त्यांची नावे त्यास ठाऊक नसतात. आणि ज्याचे नावच ठाऊक नाही, ते मागावे तरी कसे?

सारी अडचण या एका ठिकाणी आहे. बाजारात जाऊन मनुष्य तांदूळ मागतो, कारण तांदूळ म्हणजे काय हे त्यास माहीत असते. पुस्तकाची गोष्ट निराळी. ज्या प्रकारचे पुस्तक कधी हाती धरले नाही, त्याची भूकही लागत नाही. वीस वर्षे केवळ कादंबऱ्या वाचणाऱ्यास एकविसाव्या वर्षी कादंबरी बेचव वाटू लागली, तर आपली वाचनाची हौस संपली असे तो समजतो. वास्तविक हौस संपलेली नसते, एक कपाट संपलेले असते. अशा रीतीने चाळिशीपन्नाशीच्या घरात किती वाचक वाचनास मुकले असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण प्रत्येक घरात असा एखादा तरी सापडेल.

ही अडचण ज्यांनी नीट ओळखली त्यांत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यांपैकी दुसरा नियम वाचकाच्या बाजूचा आहे: प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. तो कोणासही पटतो. तिसरा मात्र चमत्कारिक, कारण तो पुस्तकाच्या बाजूने बोलतो: प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. जणू काय वाचक पुस्तकाचा शोध घेतो तसे पुस्तकही वाचकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. या नियमातून रंगनाथन यांनी जो व्यवहार काढला तो मुक्तद्वार पद्धतीचा. कपाटे उघडी ठेवावीत, वाचकास आत जाऊ द्यावे, त्याच्या हाताने पुस्तक काढू द्यावे. जे मागता येत नाही, ते पाहता येते.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचा उगम १८४८ सालचा, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. परंतु कपाटास कुलूप आणि वाचकास खिडकी ही रीत अनेक ठिकाणी फार काळ चालली. तिचा दोष केवळ ग्रंथालयांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पाने फाडून नेणारे, चित्रे कापून घेणारे, समासात आपली मते शाईने लिहिणारे वाचकही याच समाजातले. कुलपाने पुस्तके वाचली हे खरे. त्यांचे वाचक मात्र बाहेर राहिले.

कपाटे उघडी झाली तरी प्रश्न पुरता सुटत नाही. मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली जी दशांश पद्धती काढली, तिने ज्ञानाचे दहा मोठे वर्ग पाडले आणि प्रत्येक पुस्तकास क्रमांक दिला. वाङ्मय आठशेंत, इतिहास, भूगोल आणि प्रवास नऊशेंत. पक्ष्यांवरील पुस्तक ५९८ या क्रमांकाखाली. शेजारी शेजारी ठेवलेली पुस्तके एकमेकांची ओळख करून देतात, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु जो वाचक आठशेंच्या गल्लीत शिरला तो जन्मभर त्याच गल्लीत फिरत राहतो, हा तिचा तोटा. आमच्याकडील लहान वाचनालयांत तर कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, संकीर्ण असे सरळ विभाग पाडलेले असतात, आणि 'संकीर्ण' या शब्दाइतका वाचकास दूर लोटणारा शब्द ग्रंथालयाच्या परिभाषेत दुसरा नसेल.

आता एक पुस्तक घेऊन ते कोणत्या कपाटात ठेवावे याचा विचार करून पाहावा. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. घरावर कर्ज झालेले. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल अशी बातमी लागली, तेव्हा १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडात. १८५८ साली इंग्रजांच्या फौजेने झाशीस वेढा घातला त्या वेळी भटजी शहरातच होते. शहर पडल्यावर जी कत्तल आणि लूट झाली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, स्वतःही लुबाडले गेले, आणि अखेरीस द्रव्याऐवजी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे कित्येक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहिली. लेखकाच्या निधनानंतर, १९०७ साली, वैद्यांनी 'माझा प्रवास' या नावाने ती प्रसिद्ध केली. आणि ती करताना मूळ मजकुरात बरीच काटछाट व फेरफार केले. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदार यांनी संपादून १९६६ साली वाचकांपुढे ठेवला.

हे पुस्तक प्रवासाचे म्हणावे तर नाव तसेच आहे. इतिहासाचे म्हणावे तर इतिहासकार त्याचा आधार घेतात. आत्मचरित्र म्हणण्यासही प्रत्यवाय नाही. आणि कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकाने ते कादंबरीसारखे वाचावयास घेतले, तर शंभर पानांत त्याची निराशा होण्याचा संभव नाही. क्रमांक देणाऱ्यास मात्र एकच कपाट निवडावे लागते, आणि उरलेल्या कपाटांपाशी उभे असलेले वाचक या पुस्तकास मुकतात. याची दुसरी बाजू अशी की, ज्यास ते सापडले त्यास तीन कपाटांच्या किल्ल्या एकदम मिळतात. झाशीची पुढील हकीकत हवी असेल तर इतिहास आहे. त्या काळची माणसे रस्त्याने कशी जात, काय खात, कोठे उतरत याचे कुतूहल जागे झाले तर प्रवासवर्णने आहेत. आणि १९०७ ची प्रत व १९६६ ची प्रत शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी झाली, तर संपादकाच्या हातून मजकुराचे काय काय होते हा एक नवाच विषय उघडतो. कथेचा शौकीन पाठचिकित्सेच्या दारात येऊन उभा राहतो, आणि मध्ये त्यास कोणी उपदेश केलेला नसतो.

नव्या प्रकारच्या पुस्तकाकडे जाण्याची खात्रीची वाट बहुधा अशीच असते. एका पायाखाली ओळखीची जमीन लागते. विज्ञान वाचा असे सांगून कोणी विज्ञान वाचल्याचे ऐकिवात नाही. परंतु १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेस पहिले बक्षीस मिळाले, आणि मग उघड झाले की जयंत विष्णु नारळीकर यांनीच आपली आद्याक्षरे उलटी करून ती पाठविली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून नक्कलही पत्नीच्या हातची होती. नामांकित शास्त्रज्ञाच्या नावाचा भार परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. त्या कथेपासून आणि पुढे १९७९ साली निघालेल्या 'यक्षांची देणगी' या संग्रहापासून कित्येक वाचक गोष्टीच्या ओढीने आत शिरले आणि नारळीकरांच्या खगोलशास्त्रावरील पुस्तकांपर्यंत जाऊन पोचले. गोष्टीने धरलेले बोट मध्येच सोडावे लागले नाही.

लेखकाचे बोट धरण्याची युक्तीही अशीच उपयोगी पडते. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) महाभारताच्या प्रेमाने हाती घ्यावे. ते आवडले की त्याच बाईंचे ललित लेख 'परिपूर्ती' (१९४९) या पुस्तकात आहेत, आणि 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) हा त्यांच्या खऱ्या विषयाचा, म्हणजे मानवशास्त्राचा, ग्रंथ आहे. तीन पुस्तके, तीन कपाटे, आवाज एकच. मारुती चितमपल्ली यांचे वनातील लेख भाषेच्या गोडीने वाचणाऱ्यास त्यांचा 'पक्षिकोश' एके दिवशी मागवावाच लागतो, कारण लेखातील पक्षी खिडकीबाहेर येऊन बसलेला असतो आणि त्याचे नाव हवे असते. दुर्गाबाई भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) निबंधाच्या कपाटात असते. ते वाचून रस्त्यावरील झाडांकडे मान वर करून न पाहणारा वाचक विरळा.

येथे बाबूराव अर्नाळकरांचा उल्लेख केल्यास कोणी नाक मुरडील. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची पुस्तके सुशिक्षित घरांत उशीखाली असत, कपाटात क्वचित. तरी वाचनाची चटक लागण्याचे काम या उशीखालच्या पुस्तकांनी किती केले, हे प्रौढपणी मोठमोठे ग्रंथ वाचणारी माणसे खाजगीत कबूल करतात. ज्यास सुगावा लावण्याची गोडी लागली त्यास शिलालेखांचे वाचन कंटाळवाणे का वाटावे? तेथेही तुटक अक्षरांवरून झालेल्या गोष्टीचा पत्ता लावावयाचा असतो.

नियतकालिकांची वाट सर्वांच्या परिचयाची, पण अर्धीच चाललेली. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात दरवर्षी सर्व वाङ्मयप्रकारांचा एक नमुन्याचा डबा येऊ लागला. त्यात कथा असते, कविता असते, व्यक्तिचित्र, प्रवास, एखादा जड विषयावरचा लेखही असतो. बहुतेक लोक कथा वाचतात, व्यंगचित्रे पाहतात, आणि अंक पुढे देतात. तो वगळलेला लेख ज्याने लिहिला त्याचे त्याच विषयावर एखादे पुस्तक बहुधा असते. लेख आवडल्यास पुस्तक मागता येते, न आवडल्यास दहा मिनिटांपलीकडे काही गेलेले नसते. मासिकांच्या शेवटी 'साभार पोच' म्हणून बारीक टायपात जी यादी छापलेली असते तीही अशीच दुर्लक्षित. परीक्षण एका पुस्तकाचे होते, पोच वीसांची असते. आणि ज्यास याद्यांचाच नाद लागेल त्याच्यासाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची नोंद पहिल्या खंडात, १९३८ ते १९५० ची दुसऱ्यात. एका माणसाने गावोगावची ग्रंथालये धुंडाळून हे काम केले. ती सूची म्हणजे हजारो बंद दारांवरील पाट्या आहेत. सूपशास्त्रापासून ज्योतिषापर्यंत मराठी मनुष्य कशाकशावर लिहीत आला हे पाहून वाचक थक्क होतो.

हल्ली आंतरजालावरील दुकाने वाचकाने घेतलेल्या पुस्तकावरून पुढचे पुस्तक सुचवितात. सोय उत्तम, परंतु ही सूचना बहुधा सारख्यावरून सारख्याची असते. मेजामागचा तो मनुष्यही हेच करीत होता. साताऱ्याकडील भिलार गावात १९२७ नव्हे, अगदी अलीकडे, ४ मे २०१७ रोजी, जे 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले तेथील योजना याच्या उलट आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या डोंगरातील हे स्ट्रॉबेरी पिकविणारे खेडे. तेथे घराघरांत पुस्तके ठेवली आहेत आणि प्रत्येक घरास एकेक वाङ्मयप्रकार दिला आहे. एका ओटीवर कविता, दुसऱ्या घरी इतिहास, पलीकडे बालवाङ्मय. कादंबरीच्या घराकडे निघालेल्या पाहुण्यास वाटेत चरित्रांचे घर लागते, उन्हाने तो तेथे टेकतो, आणि यजमानाच्या देखत हात पुढे करून एखादे पुस्तक उचलतो. कपाटांच्या मध्ये रस्ता असल्याचा हा फायदा.

घरातील एका गोष्टीचा मात्र विचार फारसा होत नाही. वर्गणी एकाच्या नावे, ग्रंथालयात जाणारा एक, आणि वाचणारी माणसे चार. निवड करतो तो जाणारा. आजीस पोथी आणि संतचरित्र, वहिनीस कौटुंबिक कादंबरी, मुलास परीक्षेस उपयोगी पडेल ते, अशी वाटणी त्याने मनाशी केव्हाच करून टाकलेली असते, आणि ती वर्षानुवर्षे बदलत नाही. आजीस वेढ्यातल्या झाशीची हकीकत आवडेल किंवा आकाशातील ताऱ्यांचे कुतूहल असेल, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. आणि जिने कपाट कधी पाहिलेच नाही ती मागणार काय? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा २००९ साली सुरू झालेला 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम अशा घरांस फार उपकारक, कारण पेटी येते ती नानाविध पुस्तकांची, आणि ती उघडताना घरातील सर्वांचे हात एकदम आत जातात. कोणी काय उचलले हे त्या वेळी पाहण्यासारखे असते.

घेतलेले पुस्तक आवडले नाही तर? परत करावे. पंचवीसतीस पानांत ज्याच्याशी सूत जमले नाही ते निःशंक मनाने मेजावर ठेवावे. पुस्तक पुरे केलेच पाहिजे या धाकापायी पुष्कळ वाचक अनोळखी कपाटास हात लावीत नाहीत. ग्रंथालयाच्या पुस्तकात मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांचे शिक्के मारण्याची एक चिठ्ठी चिकटविलेली असते. लोकप्रिय कादंबरीत ती शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी डकविलेली आढळते. प्रवासवर्णनांच्या किंवा 'संकीर्ण'च्या कपाटातील एखादे जाडजूड पुस्तक काढून मागून उघडले, तर चिठ्ठीवर चारच शिक्के दिसतात, आणि शेवटचा बारा वर्षांपूर्वीचा असतो. त्याच्याखाली पाचव्या शिक्क्यापुरती जागा मोकळी असते.